उंबरमाळाचा गंधार

महाड, रविवार, १३ नोव्हेंबर १९३२

घुम्म… घुम्म… घुम्म… आणि त्यावर एका बाईचा आवाज, अर्धवट झोपेतला. मी सहा वर्षांचा असेन. पोलादपूरला मामाच्या घरी घोंगडीत पडलेला. भिंतीपलीकडे मामी ताक घुसळायची आणि गायची. शब्द सगळे विसरलो. पण गाणे संपत आले की तिचा एक सूर असा काही वर सरकायचा की माझ्या पोटात गोड कळ उठायची. बासष्ट वर्षे झाली त्याला. एवढ्या काळात कीर्तनकार ऐकले, नाटकवाले ऐकले, मुंबईस एकदा तिकीट काढून मोठे गवईही ऐकले. तो सूर कोणापाशी नव्हता.

सापडला तो तीन वर्षांपूर्वी, पोलादपुराच्या वरच्या अंगाला, उंबरमाळाच्या वाडीत. ठकूबाई नावाची बाई आहे. नवरा येसाजी मुंबईस गिरणीत. घरी तीन म्हशी, सासू धोंडूबाई आणि दीर भिकू. मी वाटेवरून जात होतो, ती आत घुसळत होती, आणि मी जो त्यांच्या कुडाशी बसलो तो ऊन डोक्यावर येईपर्यंत उठलो नाही.

ही नवी वही एवढ्यासाठी की काल माझा निबंध पुण्याच्या गायनशास्त्र परिषदेला रवाना झाला. चौतीस वर्षे मराठी शाळेत मास्तरकी केली. कविता चालीवर म्हणवून घेतल्याशिवाय मी कधी अर्थ सांगितला नाही. तपासणीस आलेल्या साहेबांनी एकदा शेरा मारला होता, ‘वर्गात गाणे फार.’ तो शेरा मी अजून जपून ठेवला आहे. पेन्शनीत आल्यावर ताक घुसळायच्या ओव्या जमवल्या. तीनशे बारा झाल्या. त्यांच्या पुढे जोडला आहे हा निबंध.

म्हणणे थोडक्यात असे. सागवानी फळीवर छत्तीस इंचांची एक तार ताणली आहे, तिच्याखाली सरकती घोडी. तीस इंचांवर घोडी धरली की कोमल गंधार बोलतो. अठ्ठावीस इंच सहा सुतांवर (इंचाची आठ सुते) शुद्ध गंधार. ठकूबाईचा गंधार या दोहोंच्या मध्ये, एकोणतीस इंच तीन सुतांवर येतो. पंधरा वेळा कुडाबाहेर बसून मोजला. हा सूर ग्रंथांत नाही आणि पेटीत तर नाहीच नाही. मी त्याला नाव दिले आहे: उंबरमाळाचा गंधार.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

पुण्याचे पत्र! खुद्द चिटणिसांच्या हातचे. ‘आपला निबंध कुतूहलजनक आहे. स्वर प्रत्यक्ष ऐकल्यावाचून मत देता येत नाही. ४ डिसेंबरला मी महाबळेश्वरमार्गे महाडास येत आहे. गायिकेस हजर ठेवावे. स्वर सिद्ध झाल्यास निबंध व ओव्या परिषदेच्या यंदाच्या ग्रंथात छापल्या जातील.’

वाचनालयात जाऊन दत्तारामला पत्र दाखवले. दत्ताराम तिथला कारकून, माझ्याच वर्गात बसलेला, आता त्याचेही केस पिकले. तो म्हणाला, “मास्तर, आता तुम्ही पुण्याचे झालात. आम्हाला ओळख दाखवाल ना?”

“तू आधी हॉलमधली बाकं पुसून ठेव.”

“पुसतो. पण एवढा मोठा माणूस ताकाचं गाणं ऐकायला येतोय म्हणजे पुण्यात ताक मिळत नसावं.”

हसू दे. मला आज कोणाचाच राग येत नाही.

उंबरमाळ, रविवार, २० नोव्हेंबर

दोन दिवस चढून येण्याचा विचार करत होतो, गुडघ्यांनी आज होकार दिला. इथे भिकूच्या ओटीवर बसून लिहितो आहे.

ठकूबाई तयार झाली. लाजली, पण तयार झाली. मोडता घातला तो धोंडूबाईने. वाळलेल्या, काटक अंगाची म्हातारी, कमरेत जराशी वाकलेली, पण आवाज असा की खालच्या रानातली गुरे माना वर करतील.

“महाडात घुसळायचं? कुनाचं दही?”

“तुमचंच न्यायचं, धोंडूबाई. डेराही तुमचाच.”

“नाय. आमच्या म्हशीचं दही आमच्या खांबाला घुसळायचं. परक्याच्या खांबाला दोरी बांधली का म्हस आटते. माज्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं सांगितलं. तुमी मास्तर हाय, तुमाला म्हस हाय का?”

नाही, मला म्हैस नाही. ठकूबाई दाराआड उभी होती. मला वाटते तिला मनातून जायचे होते. ती हळूच म्हणाली, “आत्याबाय, मास्तर तीन वर्सं झाली, कुडाभाईर बसत्यात. एक डाव जाते की.”

तेवढ्यात मला सुचले. दही नेऊच नये! डेऱ्यात पाणी घालावे. हात तोच, दोरी तीच, गाणे तेच. दही खांबाला बांधायचे नाही एवढीच अट ना? पाण्याला कसली आलीय अट?

धोंडूबाईने हातातली वैरण म्हशीपुढे टाकली. मग म्हणाली, “पानी घुसळा न्हाय तर हवा घुसळा. माज्या म्हशीला हात लावू नका म्हंजे झालं.”

झाले. मार्ग निघाला. आता उतरताना दिंडीच्या चालीवर गुणगुणत जाणार.

महाड, सोमवार, २१ नोव्हेंबर

चंद्रभागेला सांगितले. ती माझी सून. मुलगा मुंबईस पोस्टात आहे. ही इथे माझ्यासाठी राहिली. भाकरी थापता थापता म्हणाली, “पाणी? पाण्यात कधी लोणी आलंय का, मामंजी? मग ती गाणार कशाला?”

स्वयंपाकघरातून शास्त्र कसे कळणार! मी लोण्यासाठी नव्हे, सुरासाठी गायला लावतो आहे, असे मी तिला समजावले. ती “बरं” म्हणाली. तिचे “बरं” मला कधी कळत नाही.

तारेला नवी खुंटी बसवली.

शनिवार, ३ डिसेंबर

ठकूबाई भिकूबरोबर संध्याकाळी उतरली. डेरा भिकूच्या डोक्यावर, रवी तिच्या हातात. चंद्रभागेने तिला आपल्याकडे निजवले. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या, म्हशींबद्दलच बहुधा. मी आपला निबंध पुन्हा वाचून काढला. ‘तारेची साक्ष खोटी पडत नाही’ हे वाक्य मला फार आवडले.

रविवार, ४ डिसेंबर

लिहू की नको? लिहायलाच हवे.

हॉल भरला होता. चिटणीस पन्नाशीचे, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणे अतिशय अदबशीर. स्वतः पेटीवर बसले. वाचनालयाच्या खांबाला दोरी बांधली. डेऱ्यात विहिरीचे स्वच्छ पाणी. ठकूबाईने पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि सुरू केले:

फिर फिर रवीबाई, डेरा बोलं घुमू घुमू,
काळ्या माझ्या म्हशीचं गं, लोनी येऊं दे जमू जमू.

पहिल्यांदा गंधार आला तो कोमलाच्याही खाली. दुसऱ्यांदा थोडा वर. तिसऱ्यांदा कुठेच नाही. ती मधूनच थांबे, डेऱ्याकडे बघे, पुन्हा दोरी ओढी. पाणी नुसते खळखळत होते. मी घोडी सरकवून सरकवून थकलो. शेवटी मला राहवेना. मी उठून म्हणालो, “ठकूबाई, वर घ्या! अजून वर!” तिने बिचारीने वर ढकलला, आणि आवाज फाटला. मागच्या बाकावरची माणसे हसली.

चिटणीस हसले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी पेटीचे झाकण लावले आणि म्हणाले, “मास्तर, मी तिन्ही वेळा लक्ष देऊन ऐकलं. तीन वेळा तीन जागा. जो स्वर स्वतःच्या जागेवर राहत नाही त्याला आपण स्वर कसं म्हणायचं? ही बाई काहीतरी शोधते आहे. तिला सापडलेलं नाही.”

“उंबरमाळावर सापडतं,” मी म्हणालो.

“तिथे कोणी ऐकलं? तुम्हीच ना?”

मी घोडीवरचा हात काढला.

ठकूबाईने डेरा उपडा करून पाणी वाचनालयाच्या अंगणात ओतले. रवी पदराने पुसली. जाताना म्हणाली, “मास्तर, पानी मुकं असतं वो.” तिला काय म्हणायचे होते कोण जाणे.

सोमवार, ५ डिसेंबर

तार सोडून ठेवली. फळी माळ्यावर टाकली.

गुरुवार, १५ डिसेंबर

परिषदेचे मासिक आले. माझ्या निबंधाच्या परीक्षणाला अर्धे पान दिले आहे. त्यात छापले आहे: ‘प्रस्तुत गायिका, ठकूबाई, राहणार उंबरमाळ, ही स्वरज्ञानविहीन असून तिच्या बेसूर गायनास उत्साही संशोधकाने श्रुतीचे नाव दिले, असे प्रत्यक्ष परीक्षेत आढळले.’

बेसूर. तिचे नाव, तिचे गाव, आणि बेसूर.

सोबत चिटणिसांचे खासगी पत्र. ओव्यांचे शब्द त्यांना मोलाचे वाटतात. तीनशे बाराही ते ग्रंथात घ्यायला तयार आहेत, फक्त त्याआधी मी एका दुरुस्तीपत्रावर सही करावी. मसुदा त्यांनीच पाठवला आहे: ‘ठकूबाई यांच्या गायनातील दोषास मी चुकून श्रुती समजलो.’ बस्स. एवढी एक ओळ आणि माझे नाव.

दत्ताराम म्हणाला, “सही करून टाका. तीनशे बारा ओव्या छापून निघतात. ती थोडीच मासिक वाचायला येणार आहे?”

मी पत्राची घडी घालून उठलो. मलाही क्षणभर तेच वाटले होते, म्हणून.

रविवार, १८ डिसेंबर

उंबरमाळाला गेलो होतो. आताच परत आलो.

ती मासिक वाचत नाही, पण वाचून दाखवणारे भेटलेच. पोलादपूरच्या दुकानात कोणीतरी मोठ्याने वाचले. दोन दिवसांत वाडीवर पोचले. पाण्याच्या वाटेवर बायका म्हणतात, “बेसुरे, पुढं हो गो.” येसाजीच्या मुंबईच्या खोलीतसुद्धा कोणी मासिक नेले, गावी येणाऱ्या माणसाबरोबर त्याचा निरोप आला, ‘तू महाडात काय केलंस?’

धोंडूबाई अंगणात काठी घेऊनच उभी होती.

“या मास्तर. कागद आनलाय का अजून येखादा?”

“धोंडूबाई, माझी चूक…”

“तुमची चूक मला नको. माजी सून हितं लग्न होऊन आली तवापासून पहाटं गाते. म्हशी तिच्या गान्यानं पान्हा सोडत्यात. आता ती तोंड मिटून घुसळती. घर मेल्यावानी वाटतं. तुमच्या पुन्याच्या मानसानं तिला बेसुरी केली, आन तुमी बाजूला हुबं व्हता!”

आतून रवीचा आवाज येत होता. नुसता रवीचा. मी कुडाशी गेलो तसा तोही थांबला. आतून ठकूबाई म्हणाली, “मास्तर, जावा तुमी. माज्यात काय व्हतं ते तुमी ऐकलंत, तेवढं बास हाय.”

“पुन्ना चढून आलात,” धोंडूबाई म्हणाली, “तर कुतरी सोडीन.”

दोन कुत्री होती. दोन्ही माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती, ही माझी तीन वर्षांची कमाई.

गुरुवार, २२ डिसेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवायलाच हवा.

सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात चंद्रभागा डेरा मांडून बसलेली. आठवडाभर सायीचे दही साठवले होते म्हणे. मला कळलेही नाही. तिने मला हाक मारली.

“मामंजी, इथं बसा. फळी काढू नका. नुसतं बसा.”

“मला आता काही ऐकायचं नाही.”

“माझं नका ऐकू. डेऱ्याचं ऐका. आणि डोळे मिटा, नाहीतर तुम्ही वहीत लिहायला लागाल.”

मी डोळे मिटले. तिने दोरी ओढायला सुरुवात केली. पहिल्यांदा जड, बसका आवाज, घुम्म, घुम्म. ती गायली नाही, तिला गाणे येत नाही म्हणते. नुसती ओठ मिटून डेऱ्याच्या सुरात सूर मिळवत होती. बराच वेळ तेच. मग दोरी हलकी झाल्यासारखी वाटली, रवी भरभर फिरू लागली, आणि डेऱ्याचा घुमका वर सरकला. अगदी थोडा. जणू कोणी खालून बोट लावून उचलला. तिचा सूरही त्याच्याबरोबर वर गेला, न ढकलता, न फाटता.

“लोणी सुटलं,” ती म्हणाली आणि थांबली.

मी फळी आणायला धावलो. म्हणजे धावलो असे मला वाटले, तिने म्हटले, “हळू, हळू.” तिला पुन्हा घुसळायला लावले. निम्मे दही तिने दुसऱ्या खेपेसाठी आधीच काढून ठेवले होते. आधीचा गंधार तीस इंचांवर, कोमल. लोणी सुटताना सरकत सरकत एकोणतीस इंच तीन सूत.

मी पंधरा वेळा कुडाबाहेर बसलो. पंधराही वेळा ओवीचा शेवटच मोजला, कारण शेवटी पोटात कळ उठते म्हणून. सुरुवातीला सूर कुठे असतो हे मी कधी मोजलेच नाही! तो सूर एका जागी बसलेला नाही. तो निघतो आणि पोचतो. ठकूबाई डेऱ्याचे ऐकते. दह्यातून लोणी यायला लागले की डेरा तिला सांगतो आणि ती त्याच्याबरोबर जाते. आणि मी तिच्यासमोर पाणी ठेवले. ती सबंध वेळ ऐकत होती, पाणी काही बोलेना. ‘डेरा बोलं घुमू घुमू.’ ही ओवी माझ्या वहीत सदतीसाव्या क्रमांकावर आहे. मी तिच्या मात्रा मोजल्या आहेत.

“तुला केव्हापासून ठाऊक होतं?”

“माहेरी म्हशी होत्या ना. कुणाला ठाऊक नसतं?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“दोनदा सांगितलं. तुम्ही लिहीत होता.”

शनिवार, २४ डिसेंबर

पुण्याला पत्र टाकले. नक्कल इथे उतरवतो.

‘रा. रा. चिटणीस यांस सा. न. वि. वि. माझा निबंध चुकला होता. तो चुकला माझ्यामुळे, गायिकेमुळे नव्हे. मी सचेतन वस्तूच्या जागी पाणी ठेवले. स्वर स्वतःच्या जागेवर राहत नाही हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्याने राहूच नये. दही, लोणी आणि कंठ हे तिघे मिळून तो स्वर चालवतात. मोजमाप सोबत जोडले आहे; ठकूबाई आता गायला तयार नाहीत, म्हणून ते माझ्या सुनेच्या घुसळण्यावर घेतले. दुरुस्ती मी करीन, पण ती माझ्या निबंधाची, ठकूबाईची नाही. “बेसूर” हा शब्द परिषदेने त्याच मासिकात, तेवढ्याच टाइपात मागे घ्यावा, ही विनंती नव्हे, मागणी आहे.’

‘विनंती नव्हे’ हे खोडून पुन्हा लिहिले. दत्ताराम वाचून म्हणाला, “मास्तर, वर्गात तुम्ही आम्हाला असं बोलू दिलं नसतं.”

“म्हणून तर तुम्ही कारकून झालात,” मी म्हणालो. मग वाईट वाटले. पण तो हसत होता.

बुधवार, ४ जानेवारी १९३३

उत्तर आले. ‘आपले पत्र मनोरंजक वाटले. परंतु हे संगीतशास्त्र नसून दुग्धशास्त्र आहे. आपल्या सुनेची साक्ष घरची असल्याने ग्राह्य धरता येत नाही. आरोप ज्या गायिकेवर आहे तिनेच तो खोडावा. ती तयार नसल्याचे आपण स्वतःच लिहिले आहे. ग्रंथ छापखान्यात जात आहे. रविवारी ८ तारखेस सकाळी दहाच्या सुमारास मी महाडावरून जाईन. आपल्या घरी पाच मिनिटे थांबेन. सही केलेले दुरुस्तीपत्र तयार ठेवावे. अन्यथा ओव्यांची वही तशीच परत करावी लागेल, याचे वाईट वाटते.’

त्यांना खरेच वाईट वाटत असेल. माणूस वाईट नाही. म्हणूनच चीड येते. दुष्ट असता तर शिवी देऊन मोकळा झालो असतो. दुग्धशास्त्र! मग वीणेच्या भोपळ्याला भाजीशास्त्र म्हणा.

शुक्रवार, ६ जानेवारी

आज चंद्रभागा पहाटेच पोलादपूरला गेली, बाजाराला म्हणून. महाडात बाजार नाही का? चिंच तिकडची चांगली असते म्हणाली. परत आली ती चिंच न घेताच. तिचे पाय धुळीने गुडघ्यापर्यंत माखलेले. पोलादपूरच्या रस्त्यावर एवढी धूळ असते होय? विचारले तर म्हणाली, “मामंजी, तुमचं जेवण झाकून ठेवलं होतं, जेवलात का?”

मी जेवलो नव्हतो. मी दुरुस्तीपत्र समोर घेऊन बसलो होतो.

खरे ते लिहितो. दुपारी मी लेखणी बुडवली. विचार असा केला: मी अडुसष्ट वर्षांचा. छातीत कधी कधी कळ येते. मी गेलो की या वह्या वाळवी खाईल. तीनशे बारा बायकांची, छे, किती पिढ्यांची गाणी त्यात आहेत. एका बाईच्या नावाला एक डाग, आणि तीनशे बारा ओव्या जगतात. व्यवहार बरा आहे. मी सहीचा ‘म’ काढला.

‘म’ काढून थांबलो. त्या अक्षराकडे बघत राहिलो. वर्गात एखाद्या पोराने चोरून दुसऱ्याचे उत्तर लिहिले की त्याचे अक्षर असे दिसायचे, नको तितके सावकाश. आणि मग डोळ्यांसमोर आले ते पाण्याच्या वाटेवरचे चित्र. “बेसुरे, पुढं हो.” या ओव्या छापल्या, त्या ग्रंथाच्या शेवटी माझी ही ओळ असेल. पोलादपूरच्या दुकानात ते पान आधी वाचतील. त्या बाईकडूनच तीनशे बारापैकी चाळीस ओव्या मी घेतल्या आहेत. तिच्याच गळ्यातून काढून तिलाच बेसूर म्हणायचे?

कागदावर शाई सांडली. सांडू दिली.

रविवार, ८ जानेवारी, सकाळ

रुमाल बांधला, धुतलेला अंगरखा घातला. दुरुस्तीपत्राचा शाई सांडलेला कागद तसाच ठेवला आहे. चिटणिसांच्या हाती तो द्यायचा. मागच्या बाजूला लिहिले आहे: ‘सही करीत नाही. महिपती मास्तर.’ वही परत द्या म्हणावे, नसेल छापायची तर. तीनशे बारा ओव्या मी पोलादपूरच्या बाजारात रोज एक अशा वाचीन. माझा आवाज फाटका आहे, पण मोठा आहे. मास्तरांना तेवढे तरी येते.

माझ्यापाशी दाखवायला काहीच नाही, हे ठाऊक आहे. चिटणीस म्हणतील, ‘बाई कुठे आहे?’ मी म्हणेन, ‘तिच्या घरी आहे, आणि तुमच्या-माझ्यामुळे मुकी आहे.’ याहून जास्त काही मला बोलता येणार नाही.

साडेआठ. दार वाजले. मोटार इतक्या लवकर? चंद्रभागा आतून म्हणाली, “मामंजी, तुम्हीच उघडा.”

उघडले.

दारात धोंडूबाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर डेरा, डेऱ्याच्या तोंडाला फडके बांधलेले. कपाळ घामाने थबथबलेले. तिच्या मागे दोन पावलांवर ठकूबाई, हातात रवी, नजर खाली. मी वाट सोडून बाजूला झालो, तरी धोंडूबाई तशीच उभी.

“पोलादपुरापत्तूर पायी,” ती म्हणाली, “फुडं मोटारीत. मोटारवाला म्हनतो डेरा टपावर ठेव. म्हनलं, तुजी आय ठेव टपावर. मांडीवर धरून आनलाय. हलू दिला नाय.”

“धोंडूबाई… यात काय आहे?”

“दही हाय. माज्या म्हशीचं. दुसरं काय असनार?”

“पण तुमच्या सासूबाईंनी… परक्याच्या खांबाला…”

“म्हस माजी हाय मास्तर, सासूची नाय. आटली तर माजी आटंल.” तिने मागे वळून पाहिले. “ठके, वर ये. अशी मान खाली घालून काय हुबी ऱ्हातीस, चोरी केलीस का?”

ठकूबाई पायरी चढून वर आली. आतून चंद्रभागा दोरी घेऊन बाहेर आली, ती हातात तयारच होती. धोंडूबाईने डेरा उतरवून माझ्या ओसरीवर ठेवला, कंबर सरळ केली, आणि माझ्या घराकडे खालपासून वरपर्यंत एकदा नजर फिरवली.

“बोला, खांब कुठला धरू? आन त्या पुन्यावाल्याला म्हनावं, पेटी गाडीतच ठेव.”